मधल्या खोलीतला कूलर

सासूबाईंच्या खोलीत कूलर बसवायचा, एवढंच ठरलं होतं. हे ज्यांनी ठरवलं त्यांना पुढच्या आठवड्यात आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती, तर त्यांनी एक मोठा पंखा आणला असता आणि गप्प बसले असते. पण ठरवणारे जावई होते, आणि जावयाने सासूसाठी काही करायला घेतलं की ते काम लहान राहत नाही.

त्यांना ‘जावईबापू’ म्हणणारी व्यक्ती जगात एकच, ती म्हणजे सासूबाई. ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. आर्किटेक्ट लोक जी स्वप्नं बघतात ती फूट-इंचांत बसवायचं काम त्यांच्याकडे. इमारतीतले लोक त्यांना आर्किटेक्टसाहेब म्हणत आणि ही चूक दुरुस्त करायची घाई त्यांनी कधी केली नव्हती. पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस विरळ होत होत जवळजवळ संपले होते, पण सासूबाईंच्या लेखी ते अजून लग्नातले नवे जावई होते. ते खोलीत आले की सासूबाई सावरून बसत, टीव्हीचा आवाज कमी करत, हातातलं खाणं बाजूला ठेवत. जावईबापूही मागे हटणारे नव्हते. सासूबाई हॉलमध्ये असल्या तर ते पाय पसरून बसत नसत, जांभई आली तर बाल्कनीत जाऊन देत. दोघांचं बोलणं बहुतेक एकाच चालीवर चाले. चहा घेणार का, असं एकाने विचारायचं. तुमचा झाला का, असं दुसऱ्याने विचारायचं. तुम्ही घेत असाल तर घेते, मी तुमच्यासाठीच विचारलं होतं, असं करत करत पुष्कळदा चहा राहूनच जाई.

हिवाळ्यात सासूबाई कायमच्या राहायला आल्या. मधे बायको होती तोवर हा सौजन्याचा कारभार नीट चालला होता, कारण निरोप तिच्यामार्फत जात. उन्हाळा ऐन भरात आला आणि तिला ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी जावं लागलं. निघताना ती दारातून परत आली आणि म्हणाली, “आईला जप. ती स्वतःहून काही सांगायची नाही, आणि विचारलंस तरी खरं सांगायची नाही. तूच बघत राहा.”

आता ‘बघत राहा’ याचा अर्थ साधा होता. माणसाकडे बघायचं. पण जावईबापूंचा पिंड तांत्रिक. त्यांनी खोलीकडे बघायला सुरुवात केली.

खोली खरंच बघण्यासारखी होती. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर उघडी गच्ची, आणि पश्चिमेला रस्त्याच्या बाजूची मोठी भिंत. त्या वर्षी ऊन असं पडलं होतं की नळाचं पहिलं पाणी तसंच चहाला टाकता आलं असतं. रस्त्याचं डांबर चपलांना सोडत नव्हतं. ऑफिसने लोकांना घरून काम करायला सांगितलं होतं आणि रेडिओवरून सूचना येत होत्या की दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे लक्ष ठेवा. जावईबापूंनी सासूबाईंच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि पटकन मागे घेतला.

“आपल्याला फार उकडत नाही ना इथे?” त्यांनी विचारलं.

“छे हो,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. वारा घ्यायला घडी घातलेला पेपर त्यांनी जावई आत येताना चपळाईने उशीखाली सरकवला होता. त्याचं टोक बाहेर दिसत होतं.

त्याच संध्याकाळी कूलर आला.

कूलर लिफ्टमध्ये मावला नाही. दुकानाच्या दोन माणसांनी तो खांद्यावर घेऊन जिन्याने आणला आणि त्यांच्यामागून जावईबापू चढले. प्रत्येक मजल्यावर एक दार उघडलं आणि त्यातून एक सल्ला बाहेर पडला. एकांचं म्हणणं, टाकीत बर्फ टाकल्याशिवाय कूलरला अर्थ नाही. दुसऱ्यांचं, कूलरच्या हवेने सांधे धरतात, त्यापेक्षा गच्ची पांढरी रंगवा. तिसरे होते निवृत्त, आणि त्यांना वेळ होता. पूर्वी भिंती हातभर जाड असत, आताच्या आर्किटेक्ट लोकांनी सत्यानाश केला, असं ते जावईबापूंच्या डोळ्यांत बघून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच जावईबापूंना सांगावंसं वाटलं की आपण आर्किटेक्ट नाही.

जावईबापूंच्या घराच्या बरोबर खाली एक काकू एकट्या राहत. त्या दारात येऊन म्हणाल्या, “अहो, मी काय म्हणते, तुमच्या सासूबाई—” पण जावईबापूंना त्यात आणखी एका सल्ल्याचा वास आला. त्यांनी काकूंना तिथेच बाष्पीभवनाचं शास्त्र समजावून सांगितलं. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता कशी शोषून घेतं, गवताचे पॅड ओले का ठेवायचे, वारा कुठून आत यायला हवा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. कूलर खांद्यावर घेतलेल्या दोन माणसांनीही ऐकलं, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवायचा होता. स्टँड बसायच्या आतच सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी हा भला माणूस, पण नियमावर त्यांचं लेकरासारखं प्रेम. ती खिडकी रस्त्याच्या बाजूला असल्याने हा इमारतीच्या दर्शनी भागातला बदल ठरतो, असं त्यांनी समजावलं. अर्ज द्यावा लागेल, अर्जावर समितीची सभा विचार करेल.

“सभा कधी आहे?” जावईबापूंनी विचारलं.

“या रविवारीच होती,” सेक्रेटरी म्हणाले, “पण गच्चीवर घ्यायची होती ना. उन्हामुळे पुढे ढकलली आहे.”

जावईबापूंनी अर्ज दिला. पण माणसाने तोवर काय करायचं? कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी सासूबाईंच्या खिडकीच्या काचांना स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल चिकटवली. ऊन आत यायचं खरोखर थांबलं. ते समोरच्या इमारतीत गेलं. तिथे एका दंतवैद्याचा दवाखाना होता. दुपारी दंतवैद्य स्वतः रस्ता ओलांडून आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगितलं की प्रकाशाबद्दल आपली तक्रार नाही, उलट दाढेच्या आतपर्यंत इतकं स्वच्छ आपल्याला आजवर दिसलं नव्हतं. पण पेशंटने तोंड उघडं आणि डोळे गच्च मिटलेले ठेवायचे म्हटल्यावर त्याला आपण काहीतरी भयंकर करणार आहोत असं वाटतं, आणि तासाभरात दोघं जण उठून गेले. जावईबापूंनी फॉइल काढली. तिच्याबरोबर खिडकीच्या चौकटीचा बराचसा रंगही निघाला.

हे सगळं चाललेलं असताना सासूबाई पलंगाच्या कडेला बसून होत्या. मधूनमधून म्हणत होत्या, “कशाला एवढा त्रास घेताय?” आणि हे वाक्य जावईबापूंना इंधनासारखं लागू पडत होतं.

मग त्यांना मधल्या खोलीची युक्ती सुचली. घराची रचना अशी: पुढे हॉल आणि स्वयंपाकघर, मधे नवरा-बायकोची झोपायची खोली, तिच्या पलीकडे सासूबाईंची. घरातलं एकुलतं एक संडास-बाथरूम मधल्या खोलीला लागून. मधल्या खोलीची खिडकी इमारतीच्या मागच्या अंगाला, पाइपांच्या बोळात उघडते. तिथे कूलर लावला आणि सासूबाईंच्या खोलीचं दार उघडं ठेवलं, तर वारा सरळ त्यांच्या पलंगापर्यंत जाईल. सेक्रेटरींनी येऊन बोळात डोकावून पाहिलं आणि हा दर्शनी भाग नाही, कारण इथे दर्शन घेण्यासारखं काही नाही, असा निर्णय जागच्या जागी दिला.

जावईबापूंनी रीतसर नकाशा काढला. वाऱ्याचे निळे बाण, कूलर, दार, पलंग, सगळं मापात. वाऱ्याची वाट मोकळी हवी म्हणून मधल्या खोलीतला त्यांचा पलंग हॉलमध्ये गेला आणि हॉलमधलं त्यांचं कामाचं टेबल मधल्या खोलीत आलं. टेबलाला एकच कोपरा उरला होता, तो बाथरूमच्या दाराशी. जावईबापूंना तो कोपरा फारच आवडला. तिथून कूलरची टाकी दिसत होती, सासूबाईंचं दार दिसत होतं, आणि त्यांनी नुसता आवाज दिला की पुरे, आपण दिवसभर हाकेच्या अंतरावर असणार होतो. तसं त्यांनी सासूबाईंना सांगितलंही. सासूबाई म्हणाल्या, “बरं.”

पहिल्यांदा कूलर चालू केला तेव्हा फ्यूज उडाला. वायरमन आला. त्याने मीटर पाहिला, वायर पाहिली, मग जावईबापूंकडे पाहिलं आणि ही वायर तुमच्याच वयाची असावी, असं म्हणाला. त्याने तात्पुरतं जमवून दिलं, पण वीज कार्यालयात जाऊन लोड वाढवून घ्या असं बजावलं. दुसऱ्यांदा कूलर चालला. त्याच्या टाकीत पाणी भरायला जावईबापूंनी नळाची नळी सोडली आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. एका जिन्याच्या पायऱ्यांची उंची चुकली होती, आणि उंची चुकली की जावईबापूंना जगाचं भान राहत नसे. पाणी टाकीतून लादीवर, लादीवरून भिंतीच्या कडेने खाली गेलं. खालच्या काकू बादली घेऊन वर आल्या. केस ओले होते. ओशाळलेल्या जावईबापूंनी माफी मागितली. काकू म्हणाल्या, “जाऊ द्या, या उन्हात गारच वाटलं,” आणि सासूबाईंच्या दाराकडे एकदा पाहून, मान हलवून खाली गेल्या.

पण अखेर जमलं. वारा पोचतो का ते कळावं म्हणून दाराच्या चौकटीला बांधलेली निळी फीत फडफडू लागली. सासूबाईंच्या खोलीतला पारा उतरला. जावईबापूंनी बायकोला फोनवर सगळा वृत्तांत दिला, नकाशाचा फोटो पाठवला. सकाळी ते सासूबाईंच्या स्टुलावर पाण्याचा भरलेला जग ठेवत आणि संध्याकाळी तो रिकामा मिळे. हेही त्यांनी कळवलं. एवढंच काय, सासूबाईंच्या खिडकीतल्या कुंडीतलं रोप, ज्याने या उन्हाळ्यात केव्हाच मान टाकायला हवी होती, त्याला नवी पालवी फुटली होती. खोलीचं हवामान सुधारल्याचा याहून चांगला पुरावा काय हवा?

सासूबाई मात्र गप्प होत चालल्या होत्या. मुळातच त्या कमी बोलत, त्यामुळे ते आणखी कमी झालंय हे कळायला अवघड. बऱ्याच वेळा त्या पडूनच असत. एकदा म्हणाल्या, डोकं जड आहे, चष्म्यामुळे असेल. जावईबापूंनी ते गांभीर्याने घेतलं. उन्हं उतरली की यांना चष्म्याच्या दुकानात न्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. सगळ्या भागातली गेली होती. कूलर घरघरत थांबला आणि निळी फीत लोंबली. जावईबापूंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ‘वीज गेलीय, येईलच’ असं सांगायला ते सासूबाईंच्या दाराशी गेले.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “गाडी लागली का?”

“कोणती गाडी?” जावईबापूंनी अदबीने विचारलं.

“सामान खाली घ्यायचंय मग. माणूस बोलवा.”

आणि जावईबापू, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणाले, “हो, बोलावतो.”

ते वळलेसुद्धा. दोन पावलं गेल्यावर ते थांबले. कुठलीही गाडी नव्हती. कुठलं सामान नव्हतं. ते मागे फिरले तेव्हा सासूबाई उठायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांचे पाय त्यांना साथ देत नव्हते. त्यांनी धावत जाऊन त्यांना धरलं. नमस्काराला वाकून पायांना हात लावण्यापलीकडे या बाईंना त्यांनी कधी स्पर्श केला नव्हता. अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं, आणि घामाचा टिपूस नव्हता. ओठांना चिरा पडल्या होत्या.

त्यांनी सासूबाईंना आडवं केलं आणि रुग्णवाहिकेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, शुद्धीवर आहेत का, बोलणं नीट आहे का. जावईबापू म्हणाले, बोलतायत, पण त्या कुठल्यातरी स्टेशनवर आहेत. मग त्या बाईंनी भराभर सांगितलं. गाडी निघतेय, पण तिची वाट बघत बसू नका. घरातल्या सगळ्यात गार जागी न्या, अंगावर पाणी ओता, ओल्या कपड्याने सगळं अंग भिजवा, वारा घाला. नीट शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल.

सगळ्यात गार जागा. घराचा नकाशा जावईबापूंना पाठ होता. चारी बाजूंनी आतल्या भिंती, खाली लादी, भिंतींना उन्हाचा स्पर्श नाही, अशी जागा एकच होती. त्यांनी वाटेतली खुर्ची पायाने उडवली, सासूबाईंना दोन्ही हातांवर उचललं आणि बाथरूममध्ये नेऊन लादीवर निजवलं. मग खिडकीतून खाली काकूंना हाक मारली. त्यांच्या घरात इतक्या मोठ्याने आजवर कोणी ओरडलं नव्हतं.

काकू चप्पल न घालता वर आल्या. पाणी पाजायला म्हणून त्यांनी पेला उचलला, तो जावईबापूंनी मधेच अडवला. मग दोघांनी चादर भिजवून सासूबाईंना गुंडाळलं. जावईबापू मगाने पाणी ओतत होते, मानेवर, काखेत, पायांवर, आणि काकू नकाशाच्या मोठ्या कागदाने वारा घालत होत्या. निळे बाण भिजून ओघळले. जावईबापूंच्या तोंडून एकसारखं काहीतरी निघत होतं. पुढे काकूंनी सांगितलं की ते ‘माफ करा, माफ करा’ असं म्हणत होते, प्रत्येक मगामागे.

थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले. समोर गुडघ्यापर्यंत भिजलेले जावई पाहून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डोक्यावरून चादर ओढायचा प्रयत्न. काकू म्हणाल्या, आता शुद्ध येतेय.

रुग्णवाहिकेतल्या लोकांनी त्यांना जिन्याने खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर पुन्हा दारं उघडली, पण सल्ला कोणी दिला नाही. सेक्रेटरींनी पुढे धावत जाऊन फाटक उघडून धरलं आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दिवसभर असेच पेशंट बघून दमल्या होत्या. धोका टळला, पण थोडक्यात, असं त्या म्हणाल्या. अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. रोज किती पाणी पितात? जावईबापूंनी सांगितलं, एक भरलेला जग. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर वर केली आणि ते शक्य नाही, एवढंच म्हटलं. जावईबापूंना राग आला. जग त्यांनी स्वतः भरला होता, रिकामा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं, त्यांनी जावईबापूंना बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर म्हणजे हिरव्या पडद्यापलीकडे. पडद्याने माणूस दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

“मी पीत नव्हते,” सासूबाई हळूच सांगत होत्या. “कुंडीत ओतायचे. पाणी प्यायलं की या वयात सारखं जावं लागतं. आधी ठीक होतं. आता जावईबापू दिवसभर त्या दाराला लागूनच बसलेले असतात, माझ्यासाठीच बसलेले असतात हो, इतकं करतात बिचारे. त्यांच्या खुर्चीला घासून दर तासाला कशी जाऊ? आत गेलं तरी सगळा आवाज बाहेर. मग ठरवलं, ते जेवायला उठतील तेव्हा एकदा आणि संध्याकाळी खाली जातील तेव्हा एकदा. तेवढ्यात भागेल एवढंच घोटभर घ्यायचे.”

डॉक्टरीणबाई काही बोलल्या ते जावईबापूंनी ऐकलं नाही. ते कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरं कागदावर काढली होती. संडासाचं दार कुठे उघडावं, पाइप कसा फिरवावा, वारा कुठून काढावा, सगळं त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. कूलर ते दार, दार ते पलंग, ही अंतरं त्यांनी टेप लावून मोजली होती. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाटही त्याच नकाशात होती, आणि ती त्यांच्या खुर्चीतून जात होती. खोली गार करण्याच्या नादात त्यांनी माणसाचा रस्ता अडवला होता, आणि तोही जिव्हाळ्याने, हाकेच्या अंतरावर बसून. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण तिथून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली आणि ते बाजूला सरकले.

दुपारपर्यंत बायको येऊन पोचली. ती आधी आईवर चिडली, पाणी प्यायला काय होतं म्हणून, मग नवऱ्यावर, मग दोघांवर मिळून. सासूबाई चादरीचं टोक सरळ करत राहिल्या. जावईबापूंच्या ओठांवर खरं कारण आलं होतं. पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ते पडद्याआडून घेतलं होतं, आणि ज्यांचं होतं त्यांना ते पडद्याआडच राहावं असं वाटत असणार. ते इतकंच म्हणाले, “टेबलाची जागा चुकली.” उन्हाचा परिणाम यांच्यावरही झालाय की काय, अशा नजरेने बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

सासूबाई घरी यायच्या आत टेबल हॉलमध्ये गेलं. तेही अशा कोपऱ्यात, की बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ सगळ्या घराकडे. पलंग परत मधल्या खोलीत आला. दिवसभर हॉलमध्ये रेडिओ लावून ठेवायची सवय जावईबापूंनी लावून घेतली. संगीताशिवाय हल्ली काम होत नाही, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी ज्या पद्धतीने ‘बरं’ म्हटलं त्यावरून त्यांना रेडिओचं कारण कळलं असावं, आणि आपल्याला कळलंय हे जावयाला कळू नये अशीही त्यांची इच्छा असावी. संडासाकडे जायच्या वाटेवर मात्र आता बऱ्याचदा पावलं वाजत, आणि जावईबापू रेडिओचा आवाज थोडा वाढवत.

राहिली दुपार. वरचा मजला तो वरचा मजलाच, कूलर असो वा नसो. भेटायला आलेल्या खालच्या काकूंनी सहज म्हटलं की माझ्या डोक्यावर तुमचं आख्खं घर आहे, त्यामुळे माझ्याकडे ऊन पोचतच नाही. दुपारच्या यांना खाली पाठवत जा. मीही एकटीच असते.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“सांगत होते,” काकू म्हणाल्या. “पण साहेब मला पाण्याची वाफ कशी होते ते समजावत होते.”

तेव्हापासून जेवणं झाली की सासूबाई खाली जात. दोघी पत्ते खेळत. काकूंचं संडास काकूंच्याच हवाली होतं, तिथे कोणा जावयाचा संबंध नव्हता. सासूबाई पाण्याचा पेला जवळ ठेवत, थोडं थोडं पीत, आणि काकू सांगत की त्या पत्ते लपवतात.

लोड वाढवायचं काम राहिलं होतं. जावईबापू एका सकाळी वीज कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने अर्ज तपासला आणि सेक्रेटरींचं ना-हरकत पत्र मागितलं. ते आणलं, तर त्यावर शिक्का हवा होता. शिक्का मारून परत गेले, तोवर रांग इमारतीबाहेर आली होती आणि सावली संपली होती. त्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना उन्हाबद्दलच्या सूचना पाठ होत्या, आणि रांग सोडायला कोणीच तयार नव्हतं. जावईबापूंचा नंबर आला तेव्हा खिडकीवरचा माणूस जेवायला उठला.

भर दुपारी ते घरी परतले. लिफ्ट बंद होती. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. काकूंच्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले. काकूंचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. आत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. जावई दिसले की सावरून बसायच्या सासूबाई या वेळी सावरल्या नाहीत. त्यांनी पत्ते उलटे टाकले आणि उठून दारात आल्या.

“कुठे होतास रे इतक्या उन्हात?” त्या म्हणाल्या. “तोंड बघ कसं झालंय. कोणी सांगितलं होतं आत्ता जायला?”

काकूंच्या हातातला पत्ता हातातच राहिला. जावईबापू कठडा धरून उभे होते. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे त्यांना कळेना. इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्यांना ‘तू’ म्हटलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण सासूबाईंचं लक्षच नव्हतं, त्या पेला शोधत होत्या.

“आत ये. बस तिथे पंख्याखाली. बूट काढ आधी.”

जावईबापू आत आले, बूट काढले आणि बसले. सासूबाईंनी पाणी भरून आणलं आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“सावकाश पी. घोट घोट.”

ते घोट घोट पाणी प्यायले. पेला रिकामा होईपर्यंत सासूबाई हलल्या नाहीत.

“अजून हवंय?”

‘नको, आपण कशाला त्रास घेता,’ हे वाक्य जावईबापूंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

“हो,” ते म्हणाले आणि रिकामा पेला त्यांनी पुढे केला. “अजून द्या.”